सतराव्या भागाची चिकटलेली पानं

त्या दिवशी दुरुस्तीवालीला मिळण्यासारखं होतं ते फार तर एक डुलकी. वाचनालयाच्या मागच्या खोलीत तिचं टेबल, सुया, मेण लावलेला दोरा, खळीचा डबा. पुढे काउंटरवर तिची सख्खी मावशी. ती फाटकी पुस्तकं आत पाठवायची आणि लग्नाळू वाचक बाहेरच्या बाहेर न्याहाळायची. दुपार रिकामी होती. डुलकी हक्काची होती. तेवढ्यात दारात समोरच्या दुकानातला चष्मेवाला उभा राहिला, छातीशी जाडजूड पुस्तक धरून, आजारी मांजर आणल्यासारखा.

“पाठ मोडली हो याची. जगेल ना?”

“जगेल. पण पुन्हा तुमच्या हातात द्यायचं का, ते बघावं लागेल.”

ती पुस्तकावर वाकली आणि तिचा चष्मा नाकावरून घसरला. त्याने तो न विचारता उचलला, खिशातून चिमुकला पेचकस काढला, दोन वळसे दिले आणि चष्मा परत तिच्या नाकावर बसवला. बोटं कानाला लागली... जरुरीपेक्षा जरा जास्तच वेळ लागली, असं तिचं मत. हलवायला सांगितली नाहीत, हेही खरं.

पुस्तक होतं भुताच्या एका लांबलचक मालिकेतला अकरावा भाग. एका उंच इमारतीत मेलेली भाडेकरीण राहते, ती घर सोडत नाही, आणि वाचक तिला सोडत नाहीत. पहिले दहा भाग लोकांनी रांगा लावून वाचले होते. पुढचे लेखकाने ताणले होते, हे मावशीही कबूल करायची.

आता दुरुस्तीच्या धंद्यातली एक गोष्ट. पुस्तक उभं धरून सोडलं, की ते आपोआप जिथे उघडतं तिथे वाचकाचा जीव अडकलेला असतो. दुसरी खूण पानाच्या कोपऱ्याची—आवडतं पान अंगठ्याने मळतं. दोन्ही जुळल्या तरच निदान पक्कं.

तिने पुस्तक सोडलं. ते बरोबर मध्यावर उघडलं. भाडेकरीण खिडकीत केस सोडून उभी होती, आणि तिच्या खांद्यांतून आरपार चांदणं येत होतं. दुरुस्तीवालीने पुस्तक फटकन मिटलं. कोपरा बघायचा राहूनच गेला.

मग बारावा आला. तेरावा. चौदावा. प्रत्येकाची पाठ मोडलेली, प्रत्येक मध्यावरच उघडणारा, आणि तिथे पुन्हा तीच बया खिडकीत! लेखकाला दुसरी जागाच सुचत नव्हती. वैरीण कशी आहे ते कळावं म्हणून दुरुस्तीवालीने अकरापासून वाचायला घेतलं. आधीचे दहा भाग न वाचल्यामुळे कोण कुणाचा काका आणि कोण कुणाचं भूत काही लागेना. शेवटी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर वंशावळ काढली. बाईचे केस गुडघ्यांपर्यंत. बाईला काम काही नाही. आणि हिच्या नखांत बारा महिने खळ.

“कशी वाटते तुम्हाला ती?” सोळावा आला तेव्हा तिने दोरा ओवता ओवता विचारलं.

“कोण? हां, ती... छान आहे. शांत आहे.”

“शांत? तेराव्या भागात तीन माणसं गॅलरीतून खाली फेकते!”

“मनाने शांत, असं म्हणायचंय मला.”

बघा, किती पाघळलाय, ती मनात म्हणाली आणि सुई नको तिथे टोचली.

“लागलं का?”

“आम्हाला लागतं हो. आम्ही जिवंत आहोत ना!”

तो गेल्यावर मावशीने आत डोकं घातलं. “भुताशी भांडतेस होय गं? निदान जिवंत सवत तरी शोधायचीस!”

मग सतरावा आला. शेवटचा. नवीन पुस्तक आधी कव्हर घालायला हिच्याकडेच यायचं. तिने एका बैठकीत वाचलं. शेवटच्या चार पानांत भाडेकरीण सुटते, किल्ली उंबऱ्यावर ठेवते आणि जाते. म्हणजे मालिका संपली, मोडक्या पाठी संपल्या, दारातलं ते उभं राहणं संपलं. आणि हा त्या चार पानांवर रडणार, दुसऱ्या बाईसाठी! दुरुस्तीवालीने खळीचा डबा ओढला आणि ती चार पानं एकमेकांना चिकटवून टाकली. शेवटासाठी तरी त्याला हिच्या दारात यावंच लागेल.

तीन दिवसांनी तो सतरावा घेऊन आला. पाठ मोडलेली.

“झाला वाचून?” तिने विचारलं.

“झाला ना.”

“शेवट?”

“अप्रतिम. डोळ्यांत पाणी आलं.”

तिने पुस्तक हातात घेतलं. चार पानं घट्ट, जशीच्या तशी. ती उठली, फळीवरून बारावा ते सोळावा काढले आणि एकेकाचा मधला कोपरा बघितला. एकही अंगठा नाही... पानं कोरी करकरीत.

“तुम्ही हे वाचलेलेच नाहीत.”

तो छताकडे बघू लागला. “अकरावा निम्मा वाचला. मग झोप लागली, त्यावर डोकं पडलं, पाठ मोडली... आणि इथे आलो.”

“आणि बाकीचे?”

“मध्ये उघडायचे, उलटे दुमडायचे. कट्‌ असा आवाज आला, की तुमच्याकडे.” त्याने सोळावा हातात तोलून पाहिला. “बहाणा म्हणून जड होता जरा.”

“आणि मी त्या मेलीवर जळत बसले! सात भाग वाचले मी तिचे, सात!”

“जळत...?” त्याचा चेहरा दुकानातल्या दिव्यांसारखा उजळला. “म्हणजे तू—”

“तू कुणाला म्हणता?”

“तुला.”

तिने चष्मा काढून पुसला, स्क्रू घट्ट असतानाही त्याच्यापुढे धरला आणि म्हणाली, “सैल झालाय. बसव.”

यावेळी बोटं कानावरून हलली नाहीत, आणि जास्त वेळाची तक्रार झाली नाही.

तर कुणाला किती महाग पडलं? मावशीला काहीच नाही; तिला फुकटात जावई मिळाला. भाडेकरीण सुटली ती सुटलीच. दुरुस्तीवालीचे दिवस सात ताणलेले भाग वाचण्यात गेले. सगळ्यात महाग पडलं चष्मेवाल्याला: तो रोज संध्याकाळी मागच्या खोलीत बसून अकराव्यापासून मोठ्याने वाचतो, ती टाके घालते, आणि त्याला डुलकी लागली तर तिने पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लावायचं, असं ठरलंय. सध्या अकराव्याची ही चौथी खेप आहे.