खांबाला बोललेला नवस

ब्राझीलहून आल्यावर मथुराबाईंनी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर बाजरीची भाकरी थापली. इतके दिवस पाव आणि काळ्या घेवड्याची आमटी खाऊन त्यांचा जीव विटला होता. धायरीत त्यांच्या मुलाचं, रणजितचं, सिमेंट आणि सळईचं दुकान. जास्त माल खपवणाऱ्या दुकानदारांना कंपनीनं परदेशाची सहल दिली, तेव्हा बायको निशा हिच्याबरोबर त्यानं आईलाही नेलं. गल्लीत नाव झालं. मुलानं आईला विमानात बसवलं म्हटल्यावर बाकीचं कोण विचारतो?

रविवारी सकाळी धाकटे दीर सर्जेराव फोटो बघायला आले. रणजितनं मोबाइल टीव्हीला जोडला.

"समुद्रच बघायचा व्हता तर मुरूड काय बुडालं व्हतं का?" सर्जेरावांनी चहा फुर्रकन ओढत विचारलं.

पडद्यावर पांढरी वाळू आली, ताडासारखी झाडं आली. समुद्रात घुसलेला बुटका किल्ला, गंजलेल्या तोफा, आतून सोन्यानं मढवलेलं चर्च. मग एक चौक आला. चौकाच्या मधोमध पुरुषभर उंचीहून मोठा एक दगडी खांब, आणि त्याच्या पायाशी वाकलेल्या मथुराबाई, बोटाला कुंकू.

"वहिनीनं तिथंबी देव शोधला!" सर्जेराव खो खो हसले. रणजितही हसला. निशा कपबशा उचलून आत गेली.

मथुराबाईंना मात्र हसू आलं नाही. त्या दिवशीची सकाळ त्यांना आठवत होती. किनाऱ्यावर निशानं रणजितचा फोटो काढला आणि त्यात मागचा किल्ला अर्धाच आला. एवढंच. बाकीचे दुकानदार शहाळी पीत उभे होते, त्यांच्या देखत रणजितनं तिच्या मुस्काटात मारली. तिचा चष्मा वाळूत पडला. धायरीत असं काही सुरू झालं की मथुराबाई टीव्हीचा आवाज वाढवायच्या. तिथे टीव्ही नव्हता, म्हणून त्या समुद्राकडे बघत राहिल्या. लाटांचा आवाज पुरेसा मोठा नव्हता.

दुपारी गावातलं जुनं बघायला गेले तेव्हा त्यांच्या मनात तेच घोळत होतं. गाइड इंग्रजीत सांगायचा, निशा त्यांना मराठीत सांगायची. चौकात आल्यावर सगळे चर्चचे फोटो काढायला धावले. हा खांब मात्र एकटाच उन्हात उभा. वर लोखंडी कड्या, अंग घासून गुळगुळीत झालेलं, ना फूल ना पान. मथुराबाईंना वाईट वाटलं. गावाच्या वेशीवरच्या म्हसोबालाही अमावास्येला कुणीतरी नारळ फोडतं.

"कुठला देव गं ह्यो?" त्यांनी विचारलं.

खांबाजवळ एक पाटी होती. निशानं ती वरपासून खालपर्यंत वाचली. तिचा गाल अजून लाल होता.

"खूप जुना आहे, आई," ती म्हणाली.

मथुराबाईंनी पिशवीतली कुंकवाची डबी काढली. खांबाला बोटं ओढली, सकाळच्या शहाळ्यातली मलई ठेवली आणि हात जोडले. "बाबा, माझ्या लेकाचा हात आवर. तुला घरी नेते. रोज कुंकू लावते." बुंध्याशी एक कपची सुटली होती, ती त्यांनी पदरात बांधली. गाइड लांबून ओरडत आला, त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. काय म्हणाला, ते निशानं सांगितलं नाही.

आता ती कपची देव्हाऱ्यात, खंडोबाच्या टाकाशेजारी होती.

पुढच्या आठवड्यात निशानं स्कूटर रणजितच्या गाडीच्या जागेवर लावली. तो तणतणत वर आला. निशा भिंतीला चिकटली. मथुराबाईंचा हात सवयीनं रिमोटकडे गेला आणि त्यांनी आवाज वाढवला.

पण मागून काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी वळून बघितलं.

रणजितचा उगारलेला हात वरच राहिला होता. मग दुसराही वर गेला. दोन्ही मनगटं एकमेकांना चिकटली, जणू कुणी बांधली. तो टाचा उचलून उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं कोडं पडलेलं होतं. खोलीत खारट, कुजका वास पसरला. मग आवाज आला, धुण्याच्या दगडावर ओली गोधडी आपटल्यासारखा. रणजित ओरडला. पुन्हा आवाज. पुन्हा. त्याचा शर्ट कुठेच फाटला नाही, पण पाठीवर आतून लाल रेघा उमटत गेल्या.

हात सुटले तेव्हा तो गुडघ्यांवर पडला.

कोथरूडच्या डॉक्टरांनी पाठ बघितली आणि दोघींकडे रोखून पाहिलं. "कुणी मारलंय यांना?" निशाला हा प्रश्न इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. तिला कधी दवाखान्यात नेलंच नव्हतं ना.

रणजितनं नंतर हात उचलला नाही. नवस फळला, असं म्हणून मथुराबाईंनी दगडाला साखर ठेवली. पण मग त्यानं जेवताना नुसता आवाज चढवला, आणि हात वर बांधल्यासारखा तो ताटावरून उठवला गेला, पाठ पुन्हा फुटली. त्यानंतर एकदा तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला, तोंडातून शब्दही काढला नव्हता. ओट्याशी उभी असलेली निशा त्याच्या पावलांनी दचकली, खांदे आवळून घेतले. इतक्या वर्षांची सवय, ती काय करणार? तेवढ्यानंच रणजितचे हात वर गेले.

निशा नुसती दचकली तरी पुरे होतं.

त्या दिवशी एक घाव मानेवर बसला. रक्त फ्रिजवर उडालं. पोटचा गोळा डोळ्यांदेखत सोलला जात होता आणि मथुराबाईंच्या हातात काही नव्हतं. त्यांनी आडवं पडून बघितलं, अंगावर घ्यावं म्हणून त्याला मिठी मारली. घाव त्यांच्यातून आरपार त्याला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कपची उचलली आणि कालव्यावर गेल्या. अक्षता टाकल्या, हात जोडले, दगड पाण्यात सोडला. देवाला काय आणि पाहुण्याला काय, 'जा' म्हणायची त्यांच्या जिभेला सवयच नव्हती.

"ये बाबा परत," त्या म्हणाल्या.

शब्द तोंडातून गेल्यावर त्यांनी जीभ चावली.

घरी आल्या तेव्हा कपची देव्हाऱ्यात होती. कोरडी. तिच्याखाली मिठाचे खडे, आणि वर ताजं कुंकू.

निशा सोफ्यावर बसून टीव्ही बघत होती. तिच्या बोटाला लाल लागलं होतं.

"तू आणलास?"

"नाही. आलेला दिसला, म्हणून कुंकू लावलं. तुम्ही रोज लावेन म्हणाला होतात ना."

"निशा, तो कुठला देव हाय गं?"

"देव नाही तो, आई. माणसं विकत आणायचे आणि त्या खांबाला बांधून फोडून काढायचे. सगळा गाव बघायला जमायचा. पाटीवर लिहिलं होतं."

"मग तवाच का न्हाई बोललीस?"

निशानं त्यांच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मथुराबाईंना बरं वाटलं असतं.

"तुम्ही काय मागत होता, ते ऐकलं मी. म्हटलं, निदान मागताय तरी."

"सोड त्याला. तुझा नवरा हाय. मरंल गं तो."

दाराबाहेर चपला काढल्याचा आवाज झाला. कुलपात किल्ली फिरली. रणजित आत आला तो भिंतीला धरून, मान खाली घालून. त्यानं निशाकडे बघायचंसुद्धा टाळलं.

निशानं त्याच्याकडे बघितलं. मग सावकाश, अगदी नीट, दोन्ही खांदे आवळून घेतले.

"आई!" रणजित म्हणाला. त्याचे हात वर निघाले होते.

निशानं रिमोट घेतला आणि आवाज वाढवला.

"बंद कर! बंद कर तो!" मथुराबाई उठल्या. रिमोट हिसकावून घ्यायला त्यांनी हात पुढे केला.

हात रिमोटपाशी थांबला नाही. तो वर जात राहिला, मग दुसराही. मनगटातल्या पाटल्या खळकन कोपराकडे घसरल्या.