मुकी डबी

एक वस्तू दुरुस्त करायला माणसाला दिवस तरी किती लागावेत? सुधाकर पंधरा दिवसांपासून रामाकोना गावात अंबाबाईच्या संत्राबागेशेजारचा पडीक तुकडा तुडवत होता. सौंसरला त्याचं रेडिओदुरुस्तीचं दुकान. नागपूरच्या कोण्या हौशी डॉक्टरानं आपलं रिमोटवरचं हेलिकॉप्टर त्याच्याकडे दुरुस्तीला टाकलेलं. इथं उडवून पाहिलं की ते हातभर वर जायचं, शेपूट गरकन फिरायचं, की हा उतरवायचा. चहा मात्र रोज दोनदा प्यायचा.

"त्या डबीत काय हाये?" हेलिकॉप्टरला बसवलेल्या बारक्या डबीकडे बोट दाखवत शोभानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. शोभा अंबाबाईची विधवा सून. नवऱ्याला, श्रावणला, जाऊन तीन वर्षं झाली. पाट लावावा, पुन्हा संसार थाटावा म्हणून दोन ठिकाणं चालून आली, पण पोरीनं मान वर केली नाही.

"भोवरा हाये, वहिनी. बॅटरीवर फिरते. शेपूट हललं का मागच्या पंख्याले जोर लावते, म्हंते — थांब."

"अन् तोंड वळूनच गेलं त? वापस आणते?"

"नाही... फक्त रोखते. वापस आणनं हाताचं काम."

"मंग अर्धंच काम करते म्हना!"

तो हसला. शोभाही हसली... तीन वर्षांनी. अंबाबाईनं शेंगा फोडता फोडता दाणे फेकले आणि टरफलं सुपात टाकली.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं 'वहिनी' म्हणणं सोडलं. दुसरं काही म्हणतही नव्हता.

आज तो विहिरीवर हात धुवायला गेला, तेव्हा संत्र्याच्या झाडाआडून अंबाबाईनं पाहिलं — शोभा खाली वाकली, डबीची बारीक वायर ओढून काढली आणि पदर सावरत बाजूला झाली. हेलिकॉप्टर नीट उडालं की हा उद्यापासून यायचा नाही!

सुधाकर आला. धड असली की डबी इंजिनाच्या आधी भुंग्यासारखी गुणगुणते, हे आता अंबाबाईलाही ठाऊक होतं. त्यानं बटण दाबलं. डबी मुकी. त्यानं कान दिला, शोभाकडे पाहिलं. तिची नजर मातीत... आणि त्यानं गुपचूप इंजिन सुरू केलं. शेपूट गरकन फिरलं.

"आजही नाही जमलं," तो हळूच म्हणाला.

"मंग... उद्या पाहा."

शोभा गेल्यावरचं चुलीपुढचं आपलं एकटीचं ताट अंबाबाईच्या डोळ्यांपुढे आलं. तरी ती झाडाआडून बाहेर आली. शोभाचा चेहरा पांढरा पडला.

"काऊन रे सुधाकर, रेडिओवाला अन् बहिरा? डबी बोलली नाही हे मले बुढीले समजलं, तुले नाही? हिनं वायर काढली, तू समजूनबी गप राहिला. दोघंबी सोताले नुसते रोखून राहिले! पुढचं हाताचं काम हाये, तूच म्हनला होता न? डॉक्टराचं त्याले देऊन टाक, अन् आइतवारी तुह्या मायले घेऊन पाट मागाले ये. त्या दिवशी चहा मी करीन... पोरीच्या मायनं करावा तसा."