टेकडीवरची प्रत

मी टेकडीवरच्या दवाखान्यात भरदुपारी गेलो होतो, तेही एक नोंद दुरुस्त करायला. काम एवढंच.

आमच्या संस्थेचे तीन दवाखाने. मोठा, नदीकाठचा आणि हा टेकडीवरचा. रुग्णांची माहिती तिन्हीकडच्या यंत्रांत वेगवेगळी साठवलेली. एकीकडे काही लिहिलं की इतर दोन्हीकडे त्याची प्रत जायची. ती जातेय ना, हे बघायची माझी नोकरी. मधूनच लाइन तुटायची, प्रती मागे पडायच्या. वरिष्ठांनी विचारलं की मी म्हणायचो, "अर्ध्या तासानं काय आभाळ कोसळतंय?"

कोसळलं. माझ्या ताईला एक इंजेक्शन सोसत नाही, ही नोंद मोठ्या दवाखान्यात सकाळीच झाली होती. मला ते ठाऊक होतं, भावोजींना नव्हतं. दुपारी तिला धाप लागली. भावोजींनी तिला जवळच्या, नदीकाठच्या दवाखान्यात नेलं आणि मला फोन केला, "लगेच ये."

"सकाळपासून लाइन तुटलीय. जोडतो आणि निघतो," मी म्हणालो.

चाळीस मिनिटं लागली. तोवर तिथल्या प्रतीत तो रकाना कोराच होता, आणि डॉक्टरांनी नेमकं तेच इंजेक्शन दिलं. नोंद पोचली तेव्हा ताईला जाऊन अकरा मिनिटं झाली होती.

त्यानंतर भावोजी माझ्याशी एकच वाक्य बोलले. "पोचली का रे तुझी प्रत?"

महिन्याभरानं लक्षात आलं, ताईच्या मृत्यूची नोंद टेकडीवरचं यंत्र घेतच नाहीये. दर वेळी एकच उत्तर... याहून ताजी नोंद उपलब्ध आहे. म्हणून त्या दुपारी तिथं जाऊन मी ती ताजी नोंद उघडली.

'रुग्ण शुद्धीवर. पाणी मागितलं. इंजेक्शन सोसत नाही हे भावानं वेळेत येऊन सांगितलं. खोली सात.'

लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं. मी वरच्या मजल्यावर गेलो. टेबलाशी एक नर्स बसली होती.

"सिस्टर, सात नंबरमध्ये कोण आहे?"

तिनं मान वर केली. "चेष्टा करता का दादा? आत्ताच तर बहिणीसाठी पाणी भरून नेलंत..."

बोळ लांबलचक होता. फिनेलचा वास हळूहळू विरत गेला आणि त्यातून दुसरा वास वर आला, ताईच्या केसांच्या तेलाचा. सातचं दार बंद होतं. आत कुणीतरी खोकलं. तो खोकला मी लहानपणापासून ओळखतो. मग एक पुरुष दबक्या आवाजात म्हणाला, "पड जरा. मी आहे ना इथं."

तो आवाज माझा होता.

"ताई..." मी दारावर थाप मारली. "ताई, मी आलोय गं..."

आतलं बोलणं थांबलं. आणि कडी सरकली. उघडायला नाही, लावायला.

खाली कसा आलो, आठवत नाही. यंत्राच्या पडद्यावर नवी नोंद आलेली होती. वेळ त्याच मिनिटाची.

'भाऊ फार घाबरला आहे. दाराबाहेर कुणीतरी त्याच्याच आवाजात हाका मारतंय म्हणतो. बहिणीनं त्याचा हात घट्ट धरला आहे. ती म्हणाली, उघडू नकोस. इतक्या उशिरा येणारा आपला नसतो.'