हळदीकुंकवाच्या दिवशी बेसबॉल

"उत्तरा, आज बायका येणारेत गं हळदीकुंकवाला..." नीतावहिनी काळ्या साडीच्या निऱ्या नीट करत म्हणाली, माझ्याकडे न बघता. "तुला उगाच कानकोंडं व्हायला नको. दादाबरोबर जरा बाहेर फिरून ये ना."

मी सकाळपासून तिच्या ओट्याशी उभी राहून तिळाचे लाडू वळत होते. बोटं लालबुंद झाली होती. म्हणजे माझ्या हातचे लाडू चालत होते... मी चालत नव्हते!

वरुणला जाऊन तिसरं वर्ष लागलं होतं. साधा डेंग्यू. तेराव्याच्या दिवशी सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हिच्या पायगुणानं गेला माझा मुलगा." मी पुण्याला आईकडे परत आले, शाळेत भूगोल शिकवत राहिले. हवापालट म्हणून दादानं ऑकलंडला बोलावलं. आणि इथे, माउंट रॉस्किलमध्ये, भर उन्हाळ्यातल्या संक्रांतीला, तेच माझ्यापुढे येऊन उभं राहिलं. मी मुकाट्यानं एक डबा लाडवांनी भरला आणि पर्समध्ये कोंबला. निदान तेवढे तरी माझे!

दादानं बिचाऱ्यानं मला गाडीत बसवलं. त्याला वाणाच्या वस्तू आणायला जायचं होतं. हिल्सबरोच्या एका मैदानाशी त्यानं गाडी थांबवली. "बेसबॉल चालू आहे बघ. क्रिकेटसारखंच असतं."

"मग क्रिकेटच का नाही खेळत?"

"पाचला येतो न्यायला," असं म्हणून तो सटकला.

मैदानाच्या कडेला गवताचा उतार होता. खाली पलीकडे मनुकाऊची खाडी चमकत होती. उतारावर घडीच्या खुर्चीत एक बाई बसल्या होत्या. सुती नऊवार नव्हे, साधी पाचवारी, पण पायात पांढरे बूट आणि डोक्यावर ही मोठी गोल टोपी! मी बघतच राहिले.

"मराठी का वं?" त्यांनीच विचारलं. "ये, बस. हळदीकुंकवाला नाही गेली?"

"तुम्ही नाही गेलात?"

"मला कोण बोलावते बाप्पा! आमच्या पापाकुऱ्यातल्या साऱ्या बायका गेल्या तिकडं, माउंट रॉस्किलला. म्हणून मी पोराची मॅच पाहायला आली."

माझा हात नकळत रिकाम्या कपाळाकडे गेला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग थर्मासमधला चहा झाकणात ओतून माझ्यापुढे धरला. "घे. मला समजलं. इतक्या लहानपणी... अरेरे."

या वनिताकाकू. अमरावतीच्या. मी डबा उघडला, आणि ज्या लाडवांवर माझा हक्क नव्हता ते आम्ही दोघींनी बसून खाल्ले.

तेवढ्यात फटका बसला. बॉल उंच उडाला आणि थेट आमच्याच दिशेनं आला. मी लहानपणी दादाबरोबर गल्लीत क्रिकेट खेळलेली. विचार न करता उठले, दोन पावलं मागे सरले आणि दोन्ही हातांत बॉल घेतला. "आउट!" मी ओरडलेसुद्धा.

समोर एक खेळाडू धापा टाकत उभा होता. हातमोजा पसरलेला, तोंड उघडं.

"अहो... तो झेल माझा होता!"

मराठी ऐकून मी दचकले, पण माघार घेणारी मी नव्हे. "मग पळत का नाही आलात लवकर?"

"पळतच होतो! आणि आपल्याला घ्यायचा असेल तर मोठ्यानं सांगायचं असतं. नाहीतर दोघं एकमेकांवर आपटतात. नियमच आहे इथला."

"तुम्ही सांगितलंत?"

तो थांबला. मानेला आलेला घाम पुसला, आणि हसला. "...नाही."

"झालं तर मग!"

"पण आता तो बॅट्समन नॉट आउट. तुमच्यामुळे वाचला तो."

"चला," मी म्हटलं, "माझ्यामुळे कुणीतरी वाचलं म्हणायचं."

मी विनोद म्हणून बोलायला गेले होते. आवाज मात्र मध्येच फुटला. काकूंनी माझा हात धरला. तो... तो काही समजलंय असं न दाखवता हळूच म्हणाला, "बॉल द्या. आणि डब्यात एखादा लाडू उरला असेल तर ठेवा माझ्यासाठी."

हा क्षितिज. काकूंचा एकुलता एक. पुलांचं डिझाइन करायचा. अमरावतीला शाळेत सॉफ्टबॉल खेळलेला, म्हणून इथे बेसबॉलमध्ये शिरलेला.

पुढच्या शनिवारी मी आपणहून गेले. बस पकडून. त्याच्या पुढच्याही गेले.

"पुणेकरांना एवढं ऊन सोसतं?" तो डाव संपला की उतारावर यायचा.

"वऱ्हाडच्या लोकांना एवढं नीट मराठी येतं?"

"तुमच्यासाठी घासून आणतो घरून."

अशी आमची बोलणी. काकू खुर्चीत बसून गालातल्या गालात हसायच्या. एका शनिवारी भुरभुर पाऊस आला, सगळे झाडाखाली धावले. क्षितिजनं आपला हातमोजा काढून माझ्या हातात चढवला. "बघा, कसा वाटतो." कातडं जड होतं, आतून मात्र गरम. त्याच्या हाताची ऊब तशीच राहिली होती. मी मोजा काढला नाही... त्यानंही मागितला नाही. त्याच्या केसांवरून पाणी ओघळत होतं आणि तो माझ्याकडे बघत होता, आणि किती दिवसांनी कुणीतरी माझ्याकडे कीव न करता बघत होतं!

मान वळवली तर काकू आमच्याकडे पाहत होत्या. हसत नव्हत्या. त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं आणि त्या दिवशी निघेपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

पुढच्या शनिवारी उतारावर खुर्ची नव्हती.

तो माझा इथला शेवटचा शनिवार. सोमवारी विमान होतं. मॅच सुरू व्हायच्या आधी क्षितिज माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"आई नाही आली," तो म्हणाला.

"दिसतंय."

"ती म्हणते, पोरगी गुणाची आहे, पण..."

"पणच्या पुढचं मला पाठ आहे, क्षितिज." मला संताप आला. ज्या बाईनं माझ्याबरोबर बसून तिळगूळ खाल्ला, तिनंही? स्वतः भोगलेल्या बाईनंही? तरी तोंडानं म्हटलं, "तुझ्या आईची काही चूक नाही. एकुलता एक मुलगा आहेस तू."

तुम्हीचं तू कधी झालं, कळलंच नाही.

"उत्तरा, मी आईला सांगितलंय. काल तुझ्या दादाला फोन करून सांगितलंय. आता तुला सांगतो. मला तू हवी आहेस. मोठ्यानं सांगायचं असतं ना... मग सांगितलं." त्यानं हातमोजा काखेत मारला. "तू काहीच बोलणार नाहीस?"

ओठांवर आलं होतं. पण वरुणचा तो हॉस्पिटलमधला पिवळा पडलेला चेहरा डोळ्यांपुढे आला, सासूबाईंचे शब्द आले, आणि मी गप्प राहिले. त्याला मैदानातून हाका येऊ लागल्या. तो मागे बघत बघत गेला.

थांबण्यात अर्थ नव्हता. मी पर्स उचलली आणि फाटकाकडे निघाले. बस यायला वेळ होता, पण तिथे बसून रडायची मला इच्छा नव्हती.

फाटकातून एक गोल टोपी आत येत होती.

काकू एकट्या होत्या! पापाकुऱ्याहून आधी ट्रेन, मग बस, असं बदलत आल्या होत्या. मुलाच्या गाडीशिवाय कधी घराबाहेर न पडलेल्या बाई. पायात तेच बूट, अंगावर मात्र काठपदराची साडी. त्या मला पाहून थांबल्या आणि फाटकाच्या खांबाला टेकल्या.

"चालली का?"

"हो."

"थांब वं जराशी. माझ्यावर रागावली असशील तर रागव. जे लोकांनी मला केलं, तेच मी तुला करायला निघाली होती. रात्रभर माझं मलाच लागून राहिलं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "पण एक सांग. पोरगा साऱ्या गावाला सांगत सुटला. तू काहून अशी निघून चालली? नको आहे का तुला तो?"

"हवाय!" माझ्या तोंडून निघून गेलं. "खूप हवाय, काकू. पण मला भीती वाटते हो... त्यालाही काही झालं तर? सासूबाई म्हणाल्या ते खरं असलं तर?"

आजवर हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा नाही. फाटकात उभी राहून मी लहान पोरीसारखी रडले.

काकूंनी मला रडू दिलं. मग माझे दोन्ही दंड धरले. "क्षितिजचे बाबा गेले तवा मला पण तसंच बोलले होते. मी खरंच मानलं. इतकी वर्षं मानत आली. अवं, त्यांना हार्ट अटॅक आला होता. तुझ्या नवऱ्याला डेंग्यू झाला. तू काही केलं नाही बाई... आणि मी पण काही केलं नाही."

शेवटचं वाक्य त्या माझ्याशी बोलतच नव्हत्या.

मग त्यांनी पिशवीतून रुमालात बांधलेली चांदीची कोयरी काढली. तिच्यात हळद होती, कुंकू होतं. "घरात पडून होती. आज घासली." त्यांनी टोपी काढली, कपाळावरचे पांढरे केस मागे सारले. "आधी तू लाव मला. कोणी लावलंच नाही कधीपासून."

मी कोयरीत बोट बुडवलं. हळद लागली. कुंकू जरा वाकडं लागलं. काकू डोळे मिटून उभ्या होत्या, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मग त्यांनी माझ्या कपाळाला बोट टेकवलं. "आता जा. त्याला सांग. इथूनच ओरडली तरी चालते."

मी मैदानाकडे वळले. क्षितिज लांब कडेला उभा होता, हातमोजा खाली लोंबत होता, आणि तो खेळाकडे नाही, आमच्याकडेच बघत होता.

"क्षितिज!" मी जीव खाऊन ओरडले. "मला पण तू हवा आहेस!"

मराठी कळणारे तिथे आम्ही तिघंच. बाकीचे सगळे वळून बघायला लागले. त्याच क्षणी फटका बसला, बॉल त्याच्या बाजूनं सरळ निघून गेला, सगळी टीम त्याच्या नावानं ओरडू लागली, आणि तो तसाच उभा राहून हसत होता.