वरच्या कप्प्यातलं विरजण

कुंभकोणमला महिन्यातून एक दिवस सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत करंट बंद असतो. तारांची डागडुजी असते, आदल्या दिवशी पेपरात छापूनही येतं. बाकीचं गाव त्या दिवशी हातपंखे हलवत उन्हाच्या नावानं बोटं मोडतं. अंबुजा मात्र त्या दिवसाची वाट बघायची, कारण तो तिचा फ्रिज घासायचा दिवस.

घासणं म्हणजे ओलं फडकं फिरवणं नव्हे. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा, दाराच्या रबराच्या चुण्यांसाठी जुना टूथब्रश, मागच्या पाण्याच्या तबकासाठी लिंबाच्या साली, आणि काचा-जाळ्या सगळ्या अंगणात उन्हाला. अंबुजाच्या फ्रिजमध्ये आपलं तोंड दिसतं, असं गल्लीतल्या बायका म्हणत. ती वरवर "काहीतरीच" म्हणायची आणि आतून फुगून जायची. फुगेना का! तिच्या त्या घासण्यात खोट काढणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

एकच उणं होतं. वरचा कप्पा तिचा नव्हता.

तो तिच्या सासूबाईंचा, मीनाक्षीबाईंचा. अंबुजा त्यांना आत्याबाई म्हणायची. सोवळ्याचा. बर्फाच्या पेटीखाली अगदी मागे एक काळं दगडी भांडं असायचं आणि त्यात घरचं विरजण. पूर्वजांनी ते तंजावरच्या राजवाड्यातल्या मुदपाकखान्यातून आणलं, तेव्हापासून एक दिवसही तुटलं नाही, असं घरात सांगत. खरंखोटं देव जाणे, पण सांगताना प्रत्येकाची मान ताठ व्हायची. त्याची एक रीत होती. ते कुणी आपल्या हातानं घ्यायचं नाही. घरातल्या मोठीनं चमचाभर विरजण धाकटीच्या उघड्या तळहातावर ठेवायचं, "घे" म्हणायचं आणि धाकटीनं मूठ मिटायची. ज्या सुनेच्या तळहातावर ते पडलं, ती घरची धनीण. एकतीस वर्षांत मीनाक्षीबाईंनी अंबुजाच्या हातावर ते ठेवलं नाही. विचारलं की म्हणायच्या, "अजून मी आहें की." मग महिन्यापूर्वी एका पहाटे त्या झोपेतच गेल्या.

तेव्हापासून घरात पाकिटातलं दही येत होतं. अंबुजा ते पानात वाढताना कुणाच्या डोळ्याला डोळा देत नसे. वरच्या कप्प्याला तिनं महिनाभर हात लावला नव्हता. पण आज लावणं भाग होतं. संध्याकाळी दारासुरमहून तिची नणंद यायची होती, त्रिपुरसुंदरी. तिच्या मुलीचं, जननीचं, लग्न चार दिवसांवर आलं होतं, आणि या घराण्यातली मुलगी सासरी जाते ती विरजण घेऊनच. वन्संचं स्वतःचं विरजण आजवर तीनदा मेलं होतं, ते कुणी बोलायचं नाही. फोनवर त्याच म्हणाल्या होत्या, "विरजण आहे ना ग? की तेंही आईसंगें गेलं? तुझ्या हातीं काय टिकणार म्हणा!"

ते वाक्य अंबुजाच्या काळजात कुसळासारखं रुतून बसलं होतं.

नऊला करंट गेला. नवरा, चंद्रमौळी, भाचीच्या पत्रिका घेऊन तिरुनागेश्वरम्‌ला गेला होता. तिनं फ्रिजचा प्लग काढला, दार सताड उघडलं, न्हाऊन ओलेत्यानं परत आली आणि मनाचा हिय्या करून दगडी भांडं बाहेर काढलं.

आत पिवळी खपली होती. उन्हातल्या तळ्यासारखी तडकलेली, आणि तळाशी हिरवट बुरशी.

तिला रडूच कोसळलं. जे कधी तुटलं नव्हतं, ते आपल्या घरात, आपल्या वाट्याला आल्यावर तुटलं! खालच्या कप्प्यातलं पाकीट कट्ट्यावर काढून ठेवलेलं होतं. ते फोडून भांड्यात ओतलं तर कुणाला कळणार होतं? पाकीट तिनं हातात घेतलंही. मग बाजूला टाकलं. एकतीस वर्षं या घरात तिनं खोटं काही वाढलं नव्हतं, ते आज दह्यापासून सुरू करायचं?

"नाही म्हणून सांगेन वन्संना," ती स्वतःशीच म्हणाली. "पण फ्रिज असा घासीन की बोट ठेवायला जागा राहणार नाही."

भांडं खरवडून, धुऊन तिनं अंगणात पालथं घातलं आणि घासायला बसली. तळाचे ट्रे झाले. दाराचं रबर झालं. घरात पंख्याची घरघर नव्हती, शेजारच्यांचा टीव्ही नव्हता. बर्फ वितळून ठिबकत होता, तेवढाच आवाज. अकराच्या सुमाराला तोही थांबला.

तिला वाटलं, बर्फ संपला. वर पाहिलं तर पेटीवर पुन्हा पांढरा बर्फ धरला होता.

बाहेर अंगणात पाय ठेववत नव्हता, आणि दोन तास उघड्या पडलेल्या त्या कपाटातून गारवा येत होता. सोड्याचा वास विरला. त्या जागी सावलीत वाळलेल्या सुती लुगड्याचा, हिंगाचा वास आला. मीनाक्षीबाई जवळून गेल्या की यायचा तो. मग आतला दिवा लागला.

"करंट आला वाटतं..." ती म्हणाली आणि तिची नजर खाली गेली. प्लग फरशीवर पडलेला होता.

आता तुम्हीआम्ही असतो तर तिथून पळालो असतो. अंबुजाही उठली होती. पण बर्फाच्या पेटीचा खालचा पत्रा तेवढा राहिला होता, आणि काम अर्धं टाकून ती आजवर कधी उठली नव्हती. ती पुन्हा बसली. पत्रा खालून पुसायचा म्हणजे हात उताणा धरावा लागतो. तिनं मान बाहेर ठेवून हात आत घातला आणि चाचपडत फडकं फिरवू लागली. फडकं कशाला तरी अडकलं आणि हातातून सुटलं.

उघडा तळहात तसाच राहिला.

दगडावर चमचा घासल्याचा आवाज झाला. दगडी भांडं तर अंगणात होतं... आणि तिच्या तळहातावर काहीतरी पडलं. गार, मऊ, चमचाभर.

"घे..."

आवाज फार हळू होता. रुसवा होता त्यात, आणि थकवाही.

अंबुजाच्या घशातून किंकाळी वर आली ती तिनं गिळली. पण एकतीस वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली, तो आल्यावर हात झटकायचा? तिनं मूठ मिटली, गच्च.

दिवा गेला. कपाट कोमट झालं, बर्फ पुन्हा ठिबकू लागला. मुठीत पांढरंशुभ्र विरजण होतं.

मग तिनं मागेपुढे पाहिलं नाही. गॅसवर दूध तापवलं, कोमट केलं, उन्हात तापलेलं दगडी भांडं पुसून त्यात ओतलं आणि मूठ सोडली. वैशाखाच्या उकाड्याला दही लागायला कितीसा वेळ? साडेचारला वन्सं दारात आल्या तेव्हा भांडं कलतं केलं तरी दही हलत नव्हतं.

त्रिपुरसुंदरीबाईंनी आधी फ्रिज पाहिला, दाराच्या रबरावरून बोट फिरवलं. मग दही चाखलं आणि पाटावर टेकल्याच.

"आईच्याच हातचं हें..." त्यांचे डोळे भरून आले. "मज वाटलें नव्हतें ग अंबुजा. तुज दिलं म्हणायचं तिनं. कधीं दिलं?"

"दिलं," अंबुजा म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा वन्सं तिच्याकडे मान वर करून बघत होत्या.

"मग जननीचं दे," म्हणून त्यांनी रीतीप्रमाणे हात पुढे केला. अंबुजानं डाव्या हातात भांडं धरलं, उजव्या हातानं चमचाभर विरजण त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"घ्या, वन्सं."

त्यांनी मूठ मिटली. क्षणभरानं त्या हसल्या. "बरं, सोड की आतां."

"काय?"

"हात ग माझा. केवढा गार हात तुझा... अंबुजा, दुखतें आहे, सोड..."

अंबुजानं आपल्या हातांकडे पाहिलं. एकात भांडं, एकात चमचा. वन्सं डोळे विस्फारून आपल्या मनगटाकडे बघत होत्या. तिथे कातडी आत दबली होती.

"आत्याबाई," अंबुजा म्हणाली. तिनं आवाज चढवला. "सोडा त्यांना. आता मी देते आहे."

वन्संचा हात सुटला. त्या विरजण सावरत, वहाणा पायांत न घालताच रस्त्यापर्यंत गेल्या, रिक्षा मिळाली तशी बसून निघूनही गेल्या.

अंबुजा दारात उभी राहिली. हयातीत ज्या बाईनं आपला एक शब्द ऐकला नाही, तिनं आज ऐकला. या घरची धनीण मी, असं तिला त्या घटकेला पुरतेपणी वाटलं. मागे पंखा फिरू लागला, करंट आला होता. आणि कुणीतरी तिच्या उजव्या तळहाताला लागलेलं दही ओल्या सुती पदरानं पुसत होतं... हळूहळू, नीट, बोटांच्या बेचक्यांतून. तिनं हात मागे ओढून पाहिला. तो येईना.