सुभेदारांच्या दुनळीचं तेल

दिवा राहू दे तसाच, बारीक. आणि तो मोबाइल खाली ठेव रे, नाहीतर मी गप्प बसतो. ही कुठली ऐकीव गोष्ट नाही, माझ्या सख्ख्या साडूच्या बाबतीत घडलेली आहे. आणि तो काही भित्रा गडी नव्हे. बँकेत दिवसपाळीचा रखवालदार. मिशा अशा, की चोरानेच सलाम ठोकून परत जावं.

गेल्या जानेवारीतला शनिवार होता. संध्याकाळी तो बँकेची दुनळी बंदूक घेऊन दुरुस्तीवाल्या मिस्त्रीकडे गेला. काम साधंच, साफ करून तेल घालून आणायची. वर्षभर ती पोलिसांकडे पडून होती. आदल्या हिवाळ्यात बँकेवर दरोडा पडला, त्यात रातपाळीचे रखवालदार गेले. फौजेतून आलेले म्हणून त्यांना सगळे सुभेदार म्हणायचे. दरोडेखोर समोर आले तेव्हा त्यांनी चाप ओढला होता, पण बार उडालाच नाही. काडतूस सर्दावलं असेल, असं म्हणून सगळे मोकळे झाले. साडूसुद्धा.

मिस्त्रीने बंदूक खोलली आणि तोंड वाकडं केलं. आतल्या खटक्यावर पिवळं ग्रीस मेणासारखं घट्ट बसलं होतं.

"हे कुणी भरलं?"

"काय माहीत," साडू म्हणाला.

"अहो, हे काय ट्रकचं चाक आहे? ग्रीस थंडीत थिजतं. मग खटका रेंगाळतो, काडतुसाला नुसती टिचकी बसते. बार उडणार कसा? कुणी कुणी तर स्वयंपाकघरातलं तेल ओततात, त्याचा नुसता चिकटा होतो. बंदुकीला बंदुकीचंच पातळ तेल घालायचं, तेही थेंबभर, आणि वरून पुसून घ्यायचं. गंज धरू नये एवढ्यापुरतं."

साडू बंदुकीकडे बघेना. कारण ते ग्रीस त्यानेच भरलं होतं. दरोड्याआधीच्या पावसाळ्यात बंदूक गंजेल म्हणून, जनरेटरच्या डब्यातलं बोटाने काढून, अगदी मायेने. सुभेदारांना सांगायचं राहून गेलं होतं. चांगलं करायला गेला बिचारा...

मिस्त्रीने ग्रीस धुऊन काढलं, दोन्ही नळ्या आरशासारख्या लख्ख केल्या आणि बंदूक त्याच्या हातात दिली. तेवढ्यात मॅनेजरचा फोन आला. नवा रातपाळीवाला तापाने पडलाय, आजची रात्र तू काढ. नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

त्याने शटर आतून लावून घेतलं. सुभेदार बसायचे त्याच खुर्चीत बसला. भरलेली दुनळी मांडीवर आडवी. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. सव्वादोनला वीज गेली.

आणि आवाज आला.

खर्रर्र... खर्रर्र...

त्याला वाटलं, उंदीर असेल. कान देऊन ऐकलं. नळीतून चिंधीचा गज फिरवताना येतो, तसा आवाज होता. सावकाश. पुढे... मागे... गज तर मिस्त्रीच्या दुकानातच राहिला होता. मग त्याच्या लक्षात आलं, की मांडी थरथरते आहे. आवाज बंदुकीतून येत होता. मांडीवरच्या.

खर्रर्र...

बंदूक टाकून द्यावी म्हटलं, तर हात सुटेना.

आवाज थांबला.

"हे कुणी भरलं?"

आवाज सुभेदारांचा. अगदी समोरून. दमलेला.

साडूच्या तोंडून सवयीने निघालं, "काय मा..."

पुढचं राहिलं. बंदूक उचलली जात होती. आपोआप. नळ्या वळल्या. गार लोखंड हनुवटीखाली टेकलं.

"कुणी भरलं?"

"मी... मीच, सुभेदार. गंजू नये म्हणून... तुमच्यासाठीच..."

काही नाही. नुसता अंधार. त्याचं बोट चापावर नव्हतंच. तरी चाप सरकताना त्याला ऐकू येत होता. हळू... हळू... बायको आठवली. पोरं आठवली. डोळे मिटले.

खट्.

बार उडाला नाही.

कानाशी कुणीतरी म्हणालं, "त्या रात्री मीही हेच ऐकलं होतं."

सकाळी लोकांनी खिडकीतून पाहिलं, तर साडू जमिनीवर पडलेला आणि बंदूक खुर्चीत नीट आडवी ठेवलेली. शुद्धीवर आला तसा तो बंदूक घेऊन तडक मिस्त्रीकडे गेला. रात्रीचं सगळं त्याने सांगितलं, ग्रीसचंसुद्धा. मिस्त्रीने बंदूक मागून घेतली. दुकानामागे वाळूचं पोतं होतं, त्याच्यावर त्याने रात्रीच्याच काडतुसांनी दोन्ही बार काढले. दोन्ही उडाले. खणखणीत.

"बंदुकीत काही खोट नाही," तो म्हणाला. मग नळ्या पुसायला घेतल्या. गज फिरवला, उजेडाकडे धरून एक डोळा लावला. परत गज फिरवला, परत पाहिलं. शेवटी बंदूक साडूच्या हातात दिली.

साडूने पाहिलं. उजव्या नळीत, पार मधोमध, जिथे माणसाचा हात पोचूच शकत नाही, तिथे ताजा गंज धरला होता. अंगठ्याच्या ठशाएवढा. त्यातली रेघन् रेघ दिसत होती.