गल्ल्यावरची टकटक

वडिलांच्या तंबाखूच्या दुकानाचा नवा मालक संध्याकाळी किल्ल्या घ्यायला येणार होता. त्याआधी बरण्या तेवढ्या हलवायच्या होत्या. भावाने तिला दुकानात सोडलं आणि तो हातगाडीवाला शोधायला गेला.

वडिलांना जाऊन वर्ष होत आलं, तरी आत तोच वास होता, ओलसर पानांचा, गोडसर. दार लोटल्यावर भर दुपारीही अंधार दाटून आला. ती आपल्या जुन्या जागी, गल्ल्यामागच्या स्टुलावर टेकली.

शेवटच्या वर्षांत वडिलांचं नाक गेलं होतं. तंबाखूवाल्यालाच वास येत नाही हे कळलं असतं, तर गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली असती. म्हणून बापलेकीने झाकली मूठ झाकलीच ठेवली. वडील लाकडी काथवटीत दोन्ही हातांनी तंबाखू मिसळायचे, ती मागे बसून वास घ्यायची आणि मिश्रण जमलं की गल्ल्यावर दोनदा टकटक करायची. त्याशिवाय त्यांचे हात थांबत नसत.

"नाक तुझं, नाव माझं," ते हळूच म्हणायचे आणि गालात हसायचे. भावालासुद्धा यातलं काही ठाऊक नव्हतं.

ते गेले तेव्हा ती परगावी होती. शेवटचा त्यांचा हात हातात घेता आला नाही, ही खंत तिचा जीव पोखरत होती.

ती बरण्यांसाठी उठणार, तोच काथवटीतून आवाज आला. सर्र... सर्र... पानं चोळल्याचा. वास हळूहळू चढत गेला, आणि तिला कळलं, मिश्रण केव्हाच जमलंय. वडील तिच्या टकटकीची वाट बघतायत.

टकटक केली की हात थांबणार. तिने मूठ आवळून छातीशी धरली.

"बाबा... अजून थोडं चालू द्या," ती कुजबुजली. "थोडंच..."

तेवढ्यात भावाने बाहेरून किल्लीने लाकडी दारावर टकटक केली. दोनदा.

"ताई, गाडी आली गं. आवरलं का?"

आवाज थांबला.

"नाही, नाही... मी नाही वाजवलं..." ती म्हणाली. ती कुणाशी बोलतेय, ते भावाला कळेना.

ती काथवटीकडे धावली. आत तंबाखूचा कणही नव्हता, नुसती धूळ. तिने दोन्ही तळवे तळाशी टेकवले. लाकूड कोमट होतं. आणि तिच्या बोटांखालून कुणीतरी आपली बोटं, अगदी सावकाश, काढून घेतली.